जपानला परतताना घर कुठे घ्यावे : यूआरच्या भाड्याच्या घरांचे परीक्षण

२०१६ ते २०२१ अशी पाच वर्षे आम्ही टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशि-कासाई स्थानकाजवळच्या एका खासगी इमारतीत भाड्याने राहत होतो. २०२४ मध्ये माझ्या पतींची पुन्हा टोकियोला बदली झाली आणि बदलीचे पत्र हाती पडले त्याच संध्याकाळी घरात ठरूनही गेले की जायचे ते निशि-कासाईलाच. जुनी भाजीवाली, जुना दवाखाना, मुलीचे जुने पाळणाघर, सगळे तसेच असेल असे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात आज आम्ही शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, नेरिमा वॉर्डातील हिकारिगाओका येथे राहतो आणि या बदलाला यूआर ही संस्था बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. म्हणून हे परीक्षण यूआरच्या घरांचे असले, तरी कुठे राहायचे हा प्रश्न त्यातून वेगळा काढता येत नाही.

यूआर म्हणजे जपान सरकारची नागरी पुनरुत्थान संस्था. १९५५ साली युद्धोत्तर घरटंचाईवर उपाय म्हणून जपान गृहनिर्माण महामंडळ स्थापन झाले, त्याचीच ही २००४ पासूनची वारसदार. आज तिच्याकडे देशभर सुमारे सात लाख भाड्याची घरे आहेत. त्यांतील बरीचशी ‘दांची’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या वसाहतींत आहेत; काही मात्र नदीकाठच्या किंवा बंदराजवळच्या उंच आधुनिक इमारतींत आहेत आणि त्यांची भाडीही तशीच उंच आहेत. सरकारी म्हटल्यावर स्वस्त, हा आपल्याकडचा समज येथे उपयोगाचा नाही. यूआरचे भाडे आसपासच्या बाजारभावाला धरूनच ठरते. अल्प उत्पन्न गटासाठी महानगर प्रशासनाची आणि वॉर्डांची वेगळी घरे असतात आणि ती सोडतीने मिळतात.

मग फायदा कशात आहे? जपानमध्ये खासगी घर घेताना भाड्याखेरीज जे जे द्यावे लागते, ते पाहिल्याशिवाय याचे उत्तर समजत नाही. समजा, घराचे भाडे महिना १,२०,००० येन आहे. अनामत म्हणजे ‘शिकिकिन’ एक महिन्याची धरू. त्यानंतर ‘रेइकिन’, म्हणजे घर दिल्याबद्दल मालकाला द्यायची कृतज्ञतेची रक्कम, तीही एक महिन्याची. ही परत मिळत नाही आणि तिचे कारण विचारल्यावर मला आजवर कोणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही. दलालाचे शुल्क एक महिन्याचे भाडे अधिक दहा टक्के उपभोग कर. हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क अर्ध्या महिन्याचे धरले तर ६०,००० येन. विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च मिळून आणखी ४०,००० येन. यात पहिल्या महिन्याचे भाडे मिळवले की एकूण आकडा ५,९२,००० येनपर्यंत जातो आणि त्यांतील परत येण्याची शक्यता असलेली रक्कम केवळ १,२०,००० येन. शिवाय टोकियो परिसरात दर दोन वर्षांनी करार पुढे चालू ठेवण्यासाठी बहुधा आणखी एक महिन्याचे भाडे द्यावे लागते.

यूआरमध्ये रेइकिन नाही, दलाली नाही, नूतनीकरण शुल्क नाही आणि जामीनदारही लागत नाही. त्याच १,२०,००० येनच्या घरासाठी दोन महिन्यांची अनामत, म्हणजे २,४०,००० येन, आणि राहायला येण्याच्या दिवसापासून महिनाअखेरपर्यंतचे भाडे व सामाईक देखभाल खर्च एवढेच भरायचे. पूर्ण महिना धरला तरी ही रक्कम साधारण ३,६०,००० येनच्या थोडी वर जाते आणि तिचे दोन तृतीयांश ही अनामतच असते. जपानमध्ये परतणाऱ्या कुटुंबाला पहिल्याच महिन्यात धुलाई यंत्र, शीतकपाट, गाद्या, पडदे असे सगळे नव्याने घ्यावे लागते, कारण जाताना हेच सामान आपण पैसे भरून मोठ्या कचऱ्यात टाकलेले असते. अशा वेळी हातात राहणारे सव्वादोन लाख येन क्षुल्लक नाहीत. दलालीबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. खासगी घराच्या व्यवहारात भाडेकरूने आधी संमती दिली नसेल, तर त्याच्याकडून दलालाला अर्ध्या महिन्याचेच शुल्क घेता येते, असा नियम आहे. बहुतेक जण पहिल्याच भेटीत पुढे केलेल्या कागदावर सही करून ती संमती न कळत देऊन बसतात. २०१६ मध्ये आम्हीही दिली होती.

परंतु पैशांच्या या हिशेबापेक्षा मला मोलाची वाटली ती दुसरीच बाब, आणि तिची किंमत आम्हाला यूआरच्या आधीच्या दोन आठवड्यांत कळली. परतल्यावर आम्ही सवयीने निशि-कासाईच्या एका खासगी दलालाकडे गेलो. माणूस अत्यंत सौजन्यशील होता. त्याने आमच्यासमोर एकेका घरमालकाला फोन लावला आणि प्रत्येक वेळी दुसरे वाक्य तेच होते : ‘गाइकोकु नो काता देसु गा’, म्हणजे ‘परदेशी व्यक्ती आहेत, तरीपण...’. त्या ‘गा’नंतर तो थांबत असे. सात फोनांपैकी चार त्या थांबण्यातच संपले. पाच वर्षे वेळेवर भाडे भरले होते, घर स्वच्छ करून परत दिले होते, मला जपानी बोलता येते, या कशाचाच तेथे उपयोग नव्हता, कारण संभाषण तिथवर पोहोचतच नव्हते. जपानच्या विधी मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात, आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचे सांगितले होते. त्यामुळे आमचा अनुभव काही जगावेगळा नव्हे. अशा शोधात माणूस हळूहळू राहण्याची जागा निवडणे सोडून देतो आणि जो मालक हो म्हणेल तेथे जायला तयार होतो. मग घर स्थानकापासून लांब असले, जुने असले, मुलीच्या शाळेला गैरसोयीचे असले, तरी ते ‘मिळाले’ याचाच आनंद मानतो.

यूआरच्या विक्री केंद्रात हा फोनच होत नाही. अटी लिहिलेल्या आहेत. त्या पूर्ण होत असतील तर घर मिळते, नसतील तर मिळत नाही, आणि जो आधी अर्ज करील त्याचे घर. कुटुंबासाठी, भाडे ८२,५०० येनपेक्षा कमी असेल तर मासिक उत्पन्न भाड्याच्या चौपट हवे. त्यावर आणि दोन लाख येनच्या आत भाडे असेल तर ३,३०,००० येन. दोन लाखांवर असेल तर ४,००,००० येन. उत्पन्न कमी पडत असेल तर भाड्याच्या शंभरपट बचत दाखवता येते, किंवा ठरावीक मुदतीचे भाडे एकदम आगाऊ भरता येते. कोष्टक समोर ठेवून आपला आकडा आपणच तपासायचा. या कोरडेपणात मला जो आदर वाटला, तो त्या सौजन्यशील दलालाच्या चहात नव्हता.

परतणाऱ्यांसाठी मात्र यात काही गाठी आहेत आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. परदेशी अर्जदाराला मध्यम किंवा दीर्घ मुदतीच्या निवासाचा दर्जा हवा. पर्यटक म्हणून येऊन घर पाहून ठेवू, ही युक्ती चालत नाही. देश सोडताना विमानतळावर विशेष पुनर्प्रवेशाच्या, म्हणजे जुन्याच दर्जावर परत येण्याच्या, रकान्यात खूण केली असली, तरी ती सवलत एक वर्षापुरतीच असते. आम्ही तीन वर्षे बाहेर होतो, त्यामुळे जुना दर्जा संपला होता आणि पात्रता प्रमाणपत्रापासून सगळे नव्याने करावे लागले. नवे निवासपत्र विमानतळावरच मिळते, पण त्यावर पत्ता नसतो. यूआरच्या करारासाठी सर्व कुटुंबीयांची नावे असलेला वॉर्ड कार्यालयाचा रहिवासी दाखला लागतो आणि तो दाखला पत्ता नोंदवल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे घर घेण्यासाठी आधी घर हवे. यावर उपाय एकच : पहिला महिना-दीड महिना महिन्याच्या बोलीने मिळणाऱ्या सुसज्ज सदनिकेत काढायचा, तेथील पत्ता चौदा दिवसांच्या आत नोंदवायचा आणि मग शोध सुरू करायचा. अशी सदनिका घेताना तेथे पत्ता नोंदवू देतात का, हे आरक्षणाआधीच विचारून घ्यावे, कारण सगळेच देत नाहीत. दुसरी गाठ उत्पन्नाची. नुकतेच आलेल्या माणसाकडे मागील वर्षाचा जपानी कर दाखला नसतो. माझ्या पतींच्या कंपनीने अपेक्षित उत्पन्नाचे प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात भरून दिले आणि ते चालले. तरी हा कागद कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून निघायला वेळ लागतो, तेव्हा तो घर आवडण्याआधीच मागवावा. पसंत पडलेले घर कोणासाठी फार काळ थांबवून ठेवत नाहीत. करारनामा जपानीतच असतो. स्वतःला वाचता येत नसेल तर वाचणारी व्यक्ती सोबत न्यावी.

आता जागेविषयी. यूआरमुळे नकाशा बदलतो असे मला वाटते, ते या अर्थाने की खासगी बाजारात आपण आधी स्थानक ठरवतो आणि मग त्याभोवती घर शोधतो. यूआरमध्ये वसाहती जिथे आहेत तिथे आहेत. म्हणून आम्ही प्रथमच वसाहतींची यादी घेऊन बसलो आणि आम्हाला नेमके काय हवे आहे हे एकमेकांना विचारावे लागले. मागच्या वेळी ते कधी विचारलेच नव्हते, कारण कंपनीतील आधीची मंडळी निशि-कासाईला राहत होती म्हणून आम्ही राहिलो.

निशि-कासाईबद्दल वाईट बोलण्यासारखे फार नाही. २००० सालच्या संगणक संकटाच्या सुमारास भारतीय अभियंते टोकियोत मोठ्या संख्येने आले. त्यांची कार्यालये असलेल्या मध्य टोकियोतील ओतेमाचीपर्यंत तोझाई या मेट्रो मार्गाने वीस मिनिटांच्या आत पोहोचता येत असे, आणि या भागात यूआरच्या वसाहती होत्या ज्या जामीनदार मागत नव्हत्या. भारतीयांनी हा भाग का निवडला याची कारणे मिठाईच्या दुकानांत शोधली जातात, पण दुकाने मागाहून आली. आधी आले ते हे जामीनमुक्त घर. २०१९ च्या एप्रिलमध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे आपले मराठीच. सणवाराला हाक मारली की दहा घरे जमतात, मुलांना भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा जवळ आहेत. ज्यांची मुले दोन-तीन वर्षांत परत भारतात जाणार आहेत, त्यांनी फार विचार न करता येथेच यावे. स्थानकाला लागून कोजिमाचो २-चोमेची वसाहत आहे, तर थोडे दक्षिणेला सेइशिन्चो येथे यूआरच्या इमारती मोकळ्या हिरवळीत उभ्या आहेत.

तरीही दोन गोष्टींनी आमचा हात मागे घेतला. पहिली गोष्ट साधी : पतींचे कार्यालय आता शिंजुकूला आहे, ओतेमाचीला नाही, आणि तोझाई मार्गाची सकाळची गर्दी मला अजून स्वप्नात दिसते. महासाथीपूर्वी किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यावर ती गाडीच्या क्षमतेच्या १९९ टक्के होती. जपानमध्ये गर्दीच्या टक्केवारीची अधिकृत वर्णने आहेत आणि २०० टक्क्यांचे वर्णन तेव्हा असे होते की अंगाला अंग लागते, बराच दाब जाणवतो, पण साप्ताहिक कसेबसे वाचता येते. ज्याने हे लिहिले त्याच्या हाती कोणते साप्ताहिक होते, हे मला पाहायचे आहे. महासाथीनंतर गर्दी कमी झाली आहे. तरी कार्यालय बदलल्यावर त्या मार्गावर राहण्याचे कारणच उरत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. एदोगावा वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ च्या मे महिन्यात वॉर्डाने जो पूरधोक्याचा नकाशा घरोघर वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर आपल्याच वॉर्डावर बोट ठेवून ‘येथे थांबून चालणार नाही’ असे छापले होते. एखाद्या स्थानिक प्रशासनाने स्वतःच्या हद्दीबद्दल इतके स्पष्ट लिहावे, याचे मला तेव्हा हसू आले होते. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस चक्रीवादळ आले. त्या रात्री भ्रमणध्वनीवर एकामागून एक इशारे वाजत होते, झोपलेल्या मुलीच्या उशाशी मी पाण्याच्या बाटल्या आणि पारपत्रे भरलेली पिशवी घेऊन बसले होते, आणि हसू पार मावळले होते. अराकावा नदीचा बांध टिकला. पण टिकला नसता तर पाणी ओसरायला एक-दोन आठवडेही लागू शकतात, असे त्या नकाशातच लिहिले आहे. दहाव्या मजल्यावर पाणी येणार नाही हे खरे. परंतु वीज, उद्वाहक आणि शौचालय बंद असलेल्या दहाव्या मजल्यावर दोन आठवडे काढणे हा काही बचाव नव्हे. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा : सगळा वॉर्ड सारखा नाही. सेइशिन्चो आणि रिंकाईचो या भराव घालून तयार केलेल्या भागांतील काही जमीन तुलनेने उंच आहे. म्हणून ‘निशि-कासाई धोक्याचे’ असा एका शब्दाचा निकाल देण्यापेक्षा, ज्या इमारतीचा पत्ता हाती आहे तो नकाशावर शोधावा. खासगी दलालालाही करारापूर्वी पूरनकाशावर घराची जागा दाखवणे २०२० पासून बंधनकारक आहे. तो ती दाखवतो, पण सहीच्या दिवशी, जेव्हा मागे फिरण्याची इच्छा कोणालाच नसते.

कोतो वॉर्डातील ओजिमा पाहिले. भारतीय शाळा जवळ, शिंजुकूला थेट गाडी, यूआरच्या मोठ्या वसाहती. पण सखल जमिनीचा प्रश्न तेथेही तोच. इताबाशीतील ताकाशिमादाइरा ही १९७२ ची प्रचंड वसाहत, दहा हजारांवर घरांची. ती पाहताना तिच्या आकाराचेच दडपण आले. योकोहामाच्या मिदोरी वॉर्डातील किरिगाओका येथे भारतीय शाळा आहे आणि जागा उंचावर आहे, परंतु शिंजुकूला रोज जाणाऱ्याच्या दृष्टीने ते फार लांब पडते.

हिकारिगाओका आमच्या मनातही नव्हते. यादीत ते दिसले एवढेच. युद्धकाळात येथे लष्कराचा नारिमासु विमानतळ होता, नंतर अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांची ग्रँट हाइट्स ही वसाहत, आणि १९७३ मध्ये जमीन परत मिळाल्यावर १९८०च्या दशकात आजची वसाहत उभी राहिली. मधोमध सुमारे साठ हेक्टरांचे उद्यान आहे. जमीन उंचावर आहे. इमारती १९८१ च्या जूनमध्ये लागू झालेल्या नव्या भूकंपरोधक निकषांनंतरच्या आहेत, आणि जपानमध्ये घराचे वय विचारताना ही एक तारीख लक्षात ठेवली तरी पुरते. त्याआधीच्या इमारतींसाठी यूआर आपल्या भूकंपक्षमतेच्या तपासणीचे निकाल प्रसिद्ध करते, ते पाहावेत. ओएदो मार्गाचे हे शेवटचे स्थानक असल्याने सकाळी गाडी येथूनच सुटते. माझे पती बसून जातात आणि साधारण पंचवीस मिनिटांत शिंजुकूला पोहोचतात. ओएदोचे डबे लहान आहेत आणि बोगद्यात एवढा आवाज होतो की बोलणे अशक्य होते, पण बसलेल्या माणसाला बोलायचे नसते.

शाळेचा प्रश्न राहिला होता. आमची मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत जपानी पाळणाघरात वाढली होती. आता ती नऊ वर्षांची आहे. यावेळचा मुक्काम निदान पाच वर्षांचा दिसत असल्याने आम्ही तिला सरकारी जपानी प्राथमिक शाळेत घालायचे ठरवले. परदेशी मुलांना येथे शाळेची सक्ती नाही, पण प्रवेश मागितला तर शिक्षण विनामूल्य मिळते आणि शाळा पत्त्यावरून ठरते. त्यामुळे घर निवडणे म्हणजे शाळा निवडणे. जपानी भाषेसाठी वेगळी मदत मिळते का, याची चौकशी वॉर्डाच्या शिक्षण विभागाकडे अर्जाआधी करावी. मी ती केली, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण शोधातील तो सर्वांत उपयुक्त फोन होता.

आता प्रत्यक्ष घर. यूआरचे घर ताब्यात येते तेव्हा ते खरोखर रिकामे असते. छतावर दिवे नसतात, फक्त दिवा अडकवण्याचे खटके असतात. शेगडी नसते, ती घेताना टोकियोच्या शहरी वायूसाठी १३ए खूण असलेलीच घ्यावी लागते, नळकांड्याच्या वायूची चालत नाही. वातानुकूलन यंत्र काही घरांत असते, काहींत नसते. पहिल्या रात्री आम्ही स्नानगृहातील दिव्याच्या उजेडात जेवलो. हे कोणी सांगितले नाही अशी तक्रार मला करता येत नाही, कारण ते माहितीपत्रकात लिहिलेले होते आणि मी ते वाचले नव्हते. खोलीचा आकार ‘जो’ म्हणजे तातामी चटयांच्या संख्येत दिलेला असतो, पण दांचीतील चटई क्योतो पद्धतीच्या चटईपेक्षा लांबीला वीसेक सेंटिमीटरने आणि रुंदीला दहाएक सेंटिमीटरने लहान असते, म्हणून सहा जो वाचून पलंग विकत घेऊ नये, मोजपट्टी घेऊन जावे. जाहिरातीतील ‘स्थानकापासून आठ मिनिटे’ ही मिनिटे ऐंशी मीटरला एक या दराने मोजलेली असतात. त्यात वाहतूक दिव्यापाशी थांबणे, जिने आणि लहान मूल धरलेले नसते. जुन्या वसाहतींत, विशेषतः १९६० आणि १९७०च्या दशकांतील पाच मजली इमारतींत, उद्वाहक नसतो आणि स्नानगृहात टबाशेजारी वायूचा जुना तापक असतो. अशा घरांचे भाडे कमी असते आणि का, ते तिसऱ्या मजल्यावर तांदळाची गोणी नेताना कळते.

वसाहतीत वृद्ध रहिवासी पुष्कळ आहेत. आमच्या मजल्यावर लहान मूल आमचेच. यामुळे शांतता आहे, आणि त्या शांततेला आवाजाने तडा गेला की दारावर चिठ्ठीही लागते. दुसरीकडे, आमच्या समोरच्या आजींनी मुलीला कचऱ्याचे वार तोंडपाठ करून दिले. याच वृद्धत्वाशी निगडित एक योजना येथे सांगणे आवश्यक आहे, कारण तिची भाडी पाहून नवखा माणूस भुलतो. यूआरच्या यादीत काही घरे ‘विशेष भरती’ या सदराखाली असतात आणि त्यांचे भाडे एक किंवा दोन वर्षे निम्मे असते. ही अशी घरे आहेत ज्यांत पूर्वीच्या रहिवाशाचा घरातच मृत्यू झाला होता. यूआर ते लपवत नाही, अर्ज करतानाच सांगते. आमच्याकडे घरात माणूस जाणे यात वेगळे काही मानत नाहीत, त्यामुळे मी थोडा वेळ हिशेब करून पाहिला. पण ज्या वसाहतीत आम्हाला हवे होते तेथे असे घर त्यावेळी रिकामे नव्हते.

पाच पैकी गुण द्यायचे तर मी यूआरला चार देईन. एक गुण कापते तो प्रतीक्षायादी नसल्याबद्दल. ठरावीक वसाहतीत, ठरावीक आकाराचे घर हवे असेल तर रोज सकाळी संकेतस्थळ उघडून पाहण्याखेरीज मार्ग नाही, आणि महिन्याच्या बोलीची महागडी सदनिका चालू असताना ही रोजची सकाळ स्वस्त पडत नाही. आम्हाला तेवीस दिवस लागले. एकट्या तरुण माणसाला, ज्याला स्थानकाजवळची एक लहान खोली पुरते आणि ती आजच हवी आहे, त्याला मी यूआर सुचवणार नाही. रोख उत्पन्न असलेल्या, निश्चित पगाराचा कागद दाखवू न शकणाऱ्या व्यावसायिकालाही बचत मोठी असल्याशिवाय ते जमणार नाही. मुलाबाळांसह परतणाऱ्या नोकरदार कुटुंबाने मात्र कोणत्याही दलालाच्या दारात पाय ठेवण्याआधी यूआरच्या केंद्रात एक सकाळ घालवावी.

हिकारिगाओकाची निवड बरोबर ठरली की नाही, हे मी अद्याप सांगू शकत नाही. येथे संध्याकाळी दार वाजवून कोणी ‘काय केलंत आज?’ असे विचारत नाही आणि तुरीच्या डाळीसाठी मला शहर ओलांडावे लागते. मुलीला शाळेत अजून निम्मेच समजते. जपानी शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून मार्चपर्यंत थांबायचे आम्ही ठरवले आहे. यूआरचे घर सोडायला चौदा दिवसांची पूर्वसूचना पुरते, आणि सेइशिन्चोच्या उंच बाजूच्या दोन इमारतींची नावे मी वहीत लिहून ठेवली आहेत.